पावसाळ्यातली पागा: दोन-चार घोडे सांभाळणाऱ्यांसाठी रोजची कामं

नाशिक जिल्ह्यात सगळीकडे एकसारखा पावसाळा नसतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर मोसमात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तिथून तीन तासांवरच्या येवल्यात ५००-६०० झाला तरी लोक खूश असतात. इगतपुरीजवळच्या घोटीकडच्या पागेत चार महिने धुकं आणि झिरपणाऱ्या भिंती. येवला-सिन्नरकडे पाऊस कमी, पण काळी जमीन अशी की एका सरीत पायातला बूट ओढून घेते. कामं मात्र दोन्हीकडे तीच. अंगावर पाऊस पडला म्हणून धडधाकट घोडा सहसा आजारी पडत नाही. आडोसा मिळाला की तासाभरात वाळतो. दुखणी येतात ती थांबून राहिलेल्या ओलीतून. ही ओल खुराखाली असते, वैरणीच्या थप्पीत असते, तंगाखालच्या (खोगीर आवळायच्या पट्ट्याखालच्या) कातडीवर असते. पावसाळ्यातलं रोजचं काम म्हणजे ती शोधून काढणं.

खालचे सगळे आकडे ३५० किलोच्या, हलकं काम करणाऱ्या घोड्याचे आहेत. आपल्या घोड्याचं वजन काढायला शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजायचा आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर ३४४ किलो येतात. जंताच्या औषधाचा डोस याच वजनावर ठरतो, अंदाजावर नाही. नजरेने वजन ठरवणारे सहसा कमीच धरतात, आणि अपुऱ्या डोसाने जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

सकाळ: झाडू हातात घेण्याआधी बघून घ्या

पहाटे पागेत शिरल्याबरोबर झाडायला लागलं की रात्रभराची माहिती पाटीत जाते. आधी दोन मिनिटं उभं राहून बघायचं. लीद किती ठिकाणी पडली आहे? दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा हे नेहमीचं प्रमाण आहे, म्हणजे रात्रीतून तीन-चार ढीग तरी दिसायला हवेत. गोळे मोडणारे आणि ओलसर हवेत. कडक, लहान, चकचकीत गोळे म्हणजे पाणी कमी पडतंय. शेणासारखी पातळ लीद म्हणजे हिरवं एकदम जास्त झालं. बादलीतलं पाणी किती उतरलं, गव्हाणीत काय उरलं, चारही पायांवर वजन सारखं आहे का, हेही बघायचं. पिछाडी (मागच्या पायांना बांधायचा दोर) लावत असाल तर दोर रात्री भिजून आवळला आहे का ते हाताने चाचपा. सुती दोर ओला झाला की आखडतो आणि त्याची गाठ मागच्या पायाला कापते.

मग पाणी. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला २५ ते ३५ लिटर लागतं. हिरवा चारा वाढला की तो थोडं कमी पितो, त्याचं नवल नाही. पण पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तरीही तो कमी पितो आणि कारण सांगत नाही. जुलैमध्ये विहिरीत शेताचं पाणी उतरतं. असं पाणी टाकीत घेऊन तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्यायचं, वरचं वापरायचं, तळाचं चार बोटं सोडून द्यायचं. ब्लीचिंग पावडर घालायची तर १,००० लिटरला २.५ ग्रॅम पुरते. आधी बादलीत कालवून निवळ घ्यायची, वर ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. बादल्या रोज नारळाच्या काथ्याने घासायच्या. आतून बुळबुळीत लागली की समजायचं काल कुणीतरी नुसती विसळली होती.

द्राक्षबागेत फवारणीच्या औषधाला वापरून झालेले निळे ड्रम पाण्याला किंवा चंदीला (दाण्याच्या खुराकाला) वापरू नका. दहा वेळा धुतले तरी नाही. निफाड-दिंडोरी पट्ट्यात ते स्वस्त मिळतात आणि प्रत्येक गोठ्यात एखादा दिसतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लीद आणि बिछाना

पाणी, मग मूठभर कोरडी वैरण पुढ्यात, आणि घोडा तिकडे लागला की सफाई. आधी दाताळ्याने सुकी लीद उचलायची, मग मुताची जागा शोधायची. प्रत्येक घोड्याची जागा ठरलेली असते. वरचा थर कोरडा दिसतो, खाली चिखल असतो, म्हणून पायाने दाबून बघायचं. ओलं सगळं जमिनीपर्यंत काढायचं. रोज लीद-मूत मिळून १५-१७ किलो, त्यात बिछाना धरला तर २०-२५ किलो माल बाहेर जातो. दोन घोड्यांना एकचाकी गाडीच्या दोन खेपा. याहून फार कमी निघत असेल तर ओल आतच राहतेय.

बिछान्याला आपल्याकडे सगळ्यात सोयीचं म्हणजे भाताचं तूस. घोटीच्या भात गिरण्यांवर ते पोत्याने मिळतं. १२ बाय १२ फुटांच्या ठाणाला (घोडा बांधायच्या जागेला) ४ इंच थर द्यायला साधारण दीडशे किलो लागतं, नंतर रोज एखादं पोतं वर टाकायचं. तूस वाऱ्याने उडतं आणि पाणी फार शोषत नाही, खाली झिरपू देतं. त्यामुळे खालची जमीन उताराची असेल तरच ते चांगलं. लाकडाचा भुसा जास्त शोषतो, पण प्लायवूडच्या कारखान्यातला डिंकाचा बारीक धुरळा घेऊ नका, रंध्याचा भुसा घ्या. भाताचा पेंढा दिसायला छान, पण ऑगस्टमध्ये तो तीन दिवसांत बुरशी धरतो आणि घोडा तो खातोसुद्धा. खादाड घोडा तूसही चघळतो. त्याला पोटशूळ होण्याआधी बिछाना बदलायचा.

जमिनीला १० फुटांत दीड-दोन इंच उतार हवा, बाहेरच्या नालीकडे. यापेक्षा जास्त दिला तर घोडा सतत तिरका उभा राहतो. ठाण बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान एक फूट उंच असावं. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूचं छप्पर ३-४ फूट पुढे काढा. पण भिंत ताडपत्रीने वरपर्यंत बंद करू नका. पावसाच्या भीतीने बंद केलेल्या पागेत अमोनिया कोंडतो. आपण उभे असतो तिथे तो जाणवत नाही, म्हणून गुडघ्यावर बसून, शिंगरू झोपतं त्या उंचीवर नाक नेऊन बघायचं. डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे.

आठवड्यातून एकदा, ज्या दिवशी उघडीप मिळेल त्या दिवशी, ठाण पूर्ण रिकामं करून दोन-तीन तास पंख्याने वाळवायचं. चुना टाकायचा तो विझवलेला, भुकटीचा, पातळ भुरभुरून, घोडा बाहेर असताना, आणि त्यावर बिछाना घालून. कळीचा चुना ओल्या जमिनीवर कधीच नको. तो पाणी लागलं की उकळतो आणि खूर-कातडी भाजतो.

खूर

दिवसात एकच काम करायला वेळ असेल तर हे करा. सकाळ-संध्याकाळ चारही खूर हूकने उकरायचे, टाचेकडून पुढे टोकाकडे. तळव्याच्या मधोमध बाणाच्या टोकासारखा रबरी भाग असतो. रायडिंग स्कूलमधले त्याला फ्रॉग म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आणि मधली चीर यांत चिखल-लीद ठासून बसते. आत हवा पोचली नाही की तिथले जंतू तो भाग खायला लागतात. हूकला काळा, चिकट, सडक्या वासाचा लगदा लागला म्हणजे सुरुवात झाली. निरोगी फ्रॉग दाबल्यावर रबरासारखा असतो आणि घोडा पाय ओढून घेत नाही. मधली चीर एवढी खोल गेली असेल की हूकचं टोक आत रुतून घोडा झटका देतो, तर नालबंदाला बोलवा. सुटलेली लक्तरं त्यालाच कापू द्या.

सुरुवातीचा उपाय साधा आहे. ब्रशने पाणी-साबण, मग कपड्याने कोरडं करणं, मग पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेली गॉजची पट्टी खाचेत बसवणं. पट्टी रोज बदलायची. पाच-सहा दिवसांत वास जातो. मोरचूद द्राक्षवाल्या शेजाऱ्याकडे असतंच, त्याचं लिटरला ५० ग्रॅमचं पाणीही चालतं. पण त्याची कोरडी पूड चिरेत भरू नका, आतलं जिवंत मांस जळतं. गाडीचं जळकं ऑइल लावायची जुनी सवय आहे. तिने खूर काळाभोर दिसतो, कातडी भाजते आणि सडणं झाकलं जातं, एवढंच. खुराला तेल लावायचं असेल तर ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात खूर आधीच पाणी पिऊन मऊ झालेला असतो.

मऊ खुरात खिळे सैल होतात. रोज उकरताना नाल अंगठ्याने हलवून बघा आणि खिळ्यांची वळवलेली टोकं वर उठली आहेत का तेही बोटाने चाचपा. एरवी दीड महिन्याने येणारा नालबंद पावसाळ्यात पाचव्या आठवड्यालाच बोलवा. मुसळधार पावसाच्या आठवड्यानंतर घोडा एका रात्रीत तीन पायांवर आला, खूर गरम लागतोय आणि खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठोकतेय, तर बहुतेक वेळा तळव्याच्या आत पू झालेला असतो. त्यावर दुखण्याची गोळी देऊन बसू नका. पू बाहेर काढावाच लागतो, आणि तो डॉक्टर किंवा जाणकार नालबंदच काढेल. धनुर्वाताची लस झाली आहे का ते त्याच दिवशी बघा. घोड्याला धनुर्वात पटकन होतो.

वैरण: पावसाळ्यातलं खरं संकट

जूनमध्ये सगळं रान हिरवं होतं आणि लोक कोरडी वैरण बंद करतात. इथेच गडबड होते. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू ज्या खाद्यावर वाढलेले असतात तेच त्यांना पचतं. ते बदलायला दीड-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी २ किलो हिरवं, रोज किलोभर वाढवत १० किलोपर्यंत न्यायचं आणि तिथे थांबायचं. सोबत ४-५ किलो कोरडी वैरण चारही महिने चालू ठेवायची. कोवळ्या गवतात पाचातले चार भाग पाणी असतं. दहा किलो गवत म्हणजे जेमतेम दोन किलो खाणं. कोरडं बंद केलं तर पोट फुगलेलं दिसतं आणि घोडा वाळतो.

कापलेलं ओलं गवत ढीग करून ठेवलं की दोन-तीन तासांत आतून तापतं. हात घालून बघा, कोमट लागेल. तसलं गवत खाऊन पोटात वायू धरतो. आणल्याबरोबर बांबूच्या मांडवावर चार बोटं जाडीचं पसरायचं. एकाच वेळी दिवसाचं आणण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ दोनदा कापलेलं बरं. बंगल्यातल्या लॉनचं कापलेलं गवत कुणी प्रेमाने आणून दिलं तर ते खतात टाका.

कुठलं हिरवं? मारवेल चांगलं. लसूणघास दिवसाला ३-४ किलो ठीक. नेपियर, म्हणजे गिन्नी-गजराजच्या जातकुळीतलं उंच गवत, थोडं चालतं. पण त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. महिनोन्महिने नेपियर आणि वर चंदीला गव्हाचा कोंडा, अशी जोडी झाली तर हाडं ठिसूळ होतात आणि जबड्याची हाडं सुजतात. नेपियर देत असाल तर कोंडा कमी करा, लसूणघास वाढवा. कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला देऊच नका. तिने मूत्राशयावर आणि मागच्या पायांच्या नसांवर परिणाम होतो, घोडा मागून डुलायला लागतो. पूर्ण वाळलेला कडबा वेगळी गोष्ट, त्याची इंच-दीड इंचाची कुट्टी उत्तम. यापेक्षा बारीक कुट्टी घोडा न चावता गिळतो आणि ती अडकते.

फुकट मिळणाऱ्या चाऱ्याबद्दल नाशिकमध्ये जरा जास्तच सावध राहावं लागतं. ऑगस्टमध्ये कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागतो आणि लासलगावच्या आसपास बांधावर कांद्याचे ढीग पडतात. कांदा आणि कांद्याची पात दोन्हींनी घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाई-म्हशींपुढे टाकलेला ढीग बघून घोड्यालाही देऊ नका. टोमॅटोचे वेल नाहीत. डावणीसाठी (वेलीवरच्या बुरशीसाठी) फवारलेल्या द्राक्षबागेतलं तण नाही. मक्याचा हिरवा चारा घेताना लष्करी अळीसाठी शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर गाडी रिकामी परत न्या. कुंपणाला कण्हेर किंवा एरंड असेल तर पावसाळ्यापूर्वीच उपटा. कण्हेरीची थोडी पानंही घोड्याच्या हृदयाला पुरतात. घाणेरीही विषारीच.

साठवणीचं एक गणित आहे. कडब्याची, गवताची थप्पी जमिनीपासून ६ इंच वर लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून फूटभर दूर. ताडपत्री थप्पीला चिकटवून गुंडाळली की आतली वाफ थेंब होऊन वरच्या थरावर पडते. मग ‘झाकून ठेवलं तरी भिजलं कसं’ असं वाटतं. वर बांबू टाकून ताडपत्रीखाली हवेला जागा ठेवा, दोन बाजू मोकळ्या सोडा. आठवड्यातून एकदा थप्पीच्या मध्यात कोपरापर्यंत हात घाला. गरम, दमट किंवा कुबट वास आला तर थप्पी उलगडा. झटकल्यावर पांढरी-करडी धूळ उडणारी वैरण घोड्याला देऊ नका, पाण्याने धुऊनही नाही. धूळ खाली बसते, विष राहतं. जनावरं जे पचवतात ते घोड्याला पचत नाही, कारण रवंथ करणारं पोट त्याला नाही आणि ओकारीही करता येत नाही. बुरशी आलेल्या मक्याच्या दाण्याने तर घोड्याचा मेंदू सडतो, त्यावर औषध नाही.

चंदी

दिवसाला दीड किलो, दोन-तीन वेळा विभागून. जव किंवा ओट जाडसर भरडलेले, सोबत भिजवलेला हरभरा २५०-३०० ग्रॅम आणि २५-३० ग्रॅम मीठ. घामाचं काम असेल त्या दिवशी मीठ ५० ग्रॅमपर्यंत. हरभरा पावसाळ्याच्या दमट हवेत आठ तासांपलीकडे भिजत ठेवला की आंबतो. फेस दिसला तर फेकून द्या. तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) रोज धुऊन उलटा टांगायचा, नाहीतर शिवणीत आंबलेला लगदा राहतो आणि दुसऱ्या दिवशी घोडा तोंड फिरवतो.

सलग पावसाने घोडा दोन दिवस ठाणावरच राहिला तर चंदी निम्मी करायची. पूर्ण चंदी चालू ठेवून तिसऱ्या दिवशी एकदम पळवलं की पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडतात आणि लघवी कॉफीसारखी गडद होते. असं झालं तर तिथेच थांबायचं. चालवत घरी आणायचं नाही, डॉक्टरला तिथेच बोलवायचं.

कोंबड्यांचं खाद्य पागेपासून लांब, कुलपात. त्यात कोक्सिडियाचं (आतड्यातल्या परजीवीचं) औषध म्हणून मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असतं. कोंबडीला ते पचतं, घोड्याच्या हृदयाला थोडंही घातक. गुरांच्या काही पेंडींतही ते असतं, त्यामुळे ‘आज चंदी संपली, थोडी सुग्रास घालू’ असं करू नका.

अंग, कातडी, माश्या

चिखलाने माखलेल्या घोड्यावर ओल्यात खरारा फिरवू नका. चिखलाचे कण कातडीवर घासले जातात आणि त्या ओरखड्यांतून संसर्ग शिरतो. वाळू द्या, मग खरारा. पाय रोज धुण्याचा उत्साह असेल तर तोही आवरा. धुतलेला आणि न पुसलेला पाय चिखलाच्या पायापेक्षा वाईट. पुसायला तागाचं जुनं पोतं छान काम करतं, केसांच्या उलट दिशेने रगडायचं. भिजलेल्या अंगावर झूल टाकायची नाही, प्लॅस्टिकची तर नाहीच. आतून वाफ धरते.

पाठीवर, पुठ्ठ्यावर किंवा खुराच्या वरच्या खळग्यात बोटाला बारीक खडे लागले, आणि उचलल्यावर केसांचा झुपका खपलीसकट सुटला, तर तो पावसाळी कातडीचा रोग आहे. पांढऱ्या पायांवर आधी येतो. खपल्या कोरड्या ओरबाडू नका, दुखतं आणि रक्त येतं. २ टक्के क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू लावून १० मिनिटं ठेवा, मऊ झालेल्या खपल्या काढा, धुवा, पूर्ण वाळवा. पहिला आठवडा दिवसाआड. काढलेल्या खपल्या जाळा, बिछान्यात पडू देऊ नका. त्या घोड्याचा ब्रश दुसऱ्याला वापरायचा नाही.

जखम कितीही लहान असो, पावसाळ्यात उघडी ठेवू नका. माशी तिच्यावर बसून एका जंताच्या अळ्या सोडते, आणि जखम भरण्याऐवजी लाल, फुगीर, खाजरी होत जाते. आत ज्वारीच्या दाण्यासारखे पिवळे कण दिसतात. हीच बरसाती. मलमांनी ती महिनोन्महिने हटत नाही. जंताचं औषध तोंडावाटे आणि जखमेवर उपचार असं दोन्ही लागतं.

मोठ्या चावऱ्या गोमाश्या सर्रा नावाचा रक्तातला रोग पसरवतात. पावसाळ्यात आणि नंतर नोव्हेंबरपर्यंत त्याचा जोर असतो. ताप येतो, आपोआप उतरतो, चार दिवसांनी परत येतो. घोडा खातो पण वाळतो, पोटाखाली आणि पायांवर पाणी उतरतं, मागचा भाग लटपटतो. ताप उतरला म्हणून लोक थांबतात आणि तोवर उशीर होतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, पहाटे त्याच वेळी, गुदद्वारात थर्मामीटर लावून आकडा भिंतीवरच्या वहीत लिहा. ९९.५ ते १०१.३ फॅरेनहाइट ठीक. १०२ च्या वर गेला तर रक्त तपासून घ्या. वाडीवस्तीवर डॉक्टर नसेल तर पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक आहे.

गोचिडांसाठी गुरांना वापरतात ते अमिट्राझचं औषध घोड्याला लावू नका. त्याने आतड्यांची हालचाल थांबते आणि जीवघेणा पोटशूळ होतो. दुकानदाराला ‘घोड्यासाठी’ असं ठासून सांगा. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही घोड्याला नाही, घोड्याची तोंडाने द्यायची पेस्ट वेगळी मिळते.

लिदीचा उकिरडा

पागेपासून निदान ५०-६० फूट, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, विहिरीपासून त्याहून दूर. घरमाशी अंड्यापासून उडण्यापर्यंत उन्हाळी-दमट हवेत ७ ते १० दिवस घेते. म्हणजे पसरलेला ढीग दहा दिवस तसाच ठेवला की आपण माश्यांची पैदास करतोय. चार फूट उंच, घट्ट ढीग रचायचा आणि वर काळा प्लॅस्टिक कागद दगडांनी दाबून टाकायचा. आत ५५-६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, अळ्या आणि बरेच जंत मरतात. पंधरा दिवसांनी बाहेरचा भाग आत घालून उलटायचा. कागद नसेल तर पाऊस सगळं सत्त्व धुऊन नालीत नेतो आणि ढीग थंड राहतो. नीट कुजलेलं खत ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षवाले घरी येऊन नेतात.

फाटकापाशी चिखल

सगळ्यात जास्त चिखल फाटक, पाण्याची टाकी आणि वैरण टाकायची जागा या तीन ठिकाणी होतो. त्यावर जुलैत मुरूम ओतणं म्हणजे पैसे चिखलात. काळ्या मातीत मुरूम महिनाभरात बुडतो. खरं काम मेमध्ये करायचं. ६-९ इंच माती काढायची, तळाला जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं (सिमेंटची पोती नकोत, ती फाटतात आणि धागे पायात येतात), वर ६ इंच ४० मिलिमीटर खडी, त्यावर ३ इंच कच (दगडाची बारीक चुरी) दाबून. १० बाय १५ फुटांच्या जागेला पाऊण ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी आणि अर्ध्या ब्रासला थोडी कमी कच लागते. कापड नसेल तर खडीही बुडते, फक्त उशिरा. मे चुकला असेल तर पावसात जुना कन्व्हेयर पट्टा किंवा रबरी मॅट टाकून तात्पुरतं निभावता येतं. वाळूवर वैरण टाकू नका. घोडा वाळू खातो, ती आतड्यात साठते.

रपेट नसली तरी रोज अर्धा तास हाताने चालवायचं, शक्यतो डांबरी किंवा खडीच्या वाटेने. नुसतं उभं राहिल्याने पाय सुजतात आणि आतडी मंदावतात. खोगीर, तंग, लगाम परत आल्यावर ओल्या कपड्याने पुसून, सावलीत वाळवून, ग्लिसरीन साबण लावायचा. कपाटात एखादा जुना पिवळा बल्ब लावून ठेवला की बुरशी धरत नाही. बुरशी आलेला तंग तसाच आवळला तर तिथे गजकर्ण उठतं, आणि ते आपल्या हातांनाही लागतं.

वीज: पागेचं बटण-बोर्ड ठाणाच्या बाहेर, वायर पाइपातून, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) मेन बोर्डावर. माणसाला झिणझिण्या येतील एवढ्या गळतीने ओल्या जमिनीवर नाल मारलेला घोडा मरू शकतो. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा.

रात्रीची फेरी

साडेनऊ-दहाला बॅटरी घेऊन. छपरावर उजेड मारून वैरणीच्या बरोबर वर थेंब गळतोय का बघायचं, मग पाणी, मग गव्हाण. संध्याकाळपासून लीद पडलेली नाही, वैरण तशीच आहे, घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय किंवा वळून कुशीकडे बघतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. वैरण समोरून काढा, पाणी राहू द्या. जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी नाडी धरा आणि १५ सेकंद मोजून चारने गुणा. २८ ते ४४ नेहमीची. साठच्या पुढे असेल तर डॉक्टरला फोन करून पहिल्या वाक्यात हाच आकडा सांगा, मग शेवटची लीद कधी पडली ते आणि हिरड्यांचा रंग कसा आहे ते. तेल, सोडा, कुणी सुचवलेला काढा नळीने किंवा बाटलीने पाजू नका. घशातून फुफ्फुसात गेलं तर दोन दुखणी होतात. डॉक्टर येईपर्यंत १०-१५ मिनिटं सावकाश फिरवा, लोळण घ्यायला लागला तर मोकळ्या, मऊ जागेत न्या आणि स्वतः त्याच्या पायांच्या टप्प्यात उभे राहू नका.